दिसणं आणि असणं : पीडीएफचं सॉफ्टवेअर निवडताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाने पीडीएफवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण मंडळी, आज आपला जन्मदाखला पीडीएफ आहे, आधार पीडीएफ आहे, सातबारा पीडीएफ आहे, शासननिर्णय पीडीएफ आहे, मुलाचा प्रबंधही पीडीएफच. ज्याला आपण 'कागद' म्हणतो तो आता ह्या रूपात आपल्याकडे येतो. मग तो आपल्याला दाखवणारं सॉफ्टवेअर विश्वासाचं आहे का, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. 'हे मला खरं कशावरून कळलं?' हा तर आमच्या शास्त्राचा सगळ्यात जुना प्रश्न.

लोक साधारणपणे विचारतात, "सर, चांगलं पीडीएफ सॉफ्टवेअर कोणतं?" आणि उत्तर म्हणून यादी मिळते. ह्यात पानं जोडता येतात, त्यात तोडता येतात, ह्यात वर्डमध्ये बदलता येतं. समीक्षा अशी होत नसते. कादंबरीत किती प्रकरणं आहेत यावरून आपण तिचं मूल्य ठरवत नाही. समीक्षेला निकष लागतो. आमचा निकष असा: फाइलमध्ये जे आहे ते सॉफ्टवेअर आपल्याला दाखवतं का, आणि आपण त्यात जे केलं असं आपल्याला वाटतं, ते खरोखर झालेलं असतं का? आजचं सगळं बोलणं ह्या एका निकषाभोवती आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण आजच्या अडचणी तिथूनच निघालेल्या आहेत. अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९० च्या सुमारास 'कॅमलॉट' नावाचा प्रकल्प मांडला. अडचण साधी होती. एका संगणकावर तयार केलेलं पान दुसऱ्या संगणकावर तसंच्या तसं दिसत नसे. फाँट बदले, ओळी तुटत, तक्ते विस्कटत. १९९३ साली पीडीएफ आणि अक्रोबॅट बाजारात आलं. सुरुवातीला नुसतं वाचण्याचं सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावं लागे. ते लवकरच फुकट झालं, बनवण्याचं मात्र विकतच राहिलं. वाचणारा फुकट आणि लिहिणारा विकत, ही विभागणी आजतागायत टिकून आहे. पुढे २००८ साली पीडीएफ हे आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. म्हणजे काय, तर पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर कुणीही लिहू शकतो. 'पीडीएफ म्हणजे अडोबी' हे समीकरण तेव्हाच संपलं, आपल्या डोक्यातून मात्र ते गेलेलं नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. पीडीएफ ही नेमकी काय वस्तू आहे?

नेल्सन गुडमन नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांनी १९६८ च्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' ह्या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला. चित्राची हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच राहते. चित्राचं खरेपण त्याच्या इतिहासात असतं, म्हणजे ते कुणाच्या हातून उतरलं यात. कवितेचं तसं नाही. अक्षरन् अक्षर बरोबर उतरवलं की वहीतली कविता आणि छापील कविता एकच. मजकुराची ओळख त्याच्या अक्षरक्रमात असते, दिसण्यात नसते.

पीडीएफ ह्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ती मजकूर असल्यासारखी वाटते, पण तिच्या पोटात प्रामुख्याने चित्र काढण्याच्या सूचना असतात. 'ह्या फाँटमधला अमुक क्रमांकाचा आकार पानावर अमुक जागी ठेव', अशा. परिच्छेद, वाक्य, शब्द यांची तिथे नोंद असेलच असं नाही. कोणत्या आकाराचा अर्थ कोणतं अक्षर, हे सांगणारी सारणी सोबत जोडता येते, पण ती नसली किंवा चुकीची असली तरी पान दिसायला अगदी व्यवस्थित दिसतं.

याचा फटका इंग्रजी वाचणाऱ्याला क्वचित बसतो. आपल्याला रोज बसतो. एक साधा प्रयोग करून बघा. एखाद्या मराठी पीडीएफमधून 'निर्णय' हा शब्द कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. पुष्कळदा तिथे उमटतं 'िनणर्य'. असं का होतं? आपल्या लिपीत पहिली वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर येते, पण काढली जाते आधी. रफार उच्चाराने आधी येतो, पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पीडीएफने आकार ज्या क्रमाने मांडले त्याच क्रमाने सॉफ्टवेअरने ते परत दिले. पडद्यावर 'निर्णय' आहे, फाइलमध्ये 'निर्णय' नाही. तुम्ही तो शब्द शोधायला गेलात तर सॉफ्टवेअर म्हणतं, सापडला नाही. शब्द तर डोळ्यांसमोर दिसतोय!

ही झाली युनिकोडची कथा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये बसवलेली पुस्तकं आणखी वाईट अवस्थेत आहेत. तिथे कॉपी केलं की रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी हाती येते. दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर तीच खिचडी वाचून दाखवतं. डोळसाला पुस्तक मिळालं, अंध विद्यार्थ्याला मिळालं नाही. फाइल मात्र एकच आहे, बरं का.

म्हणून मराठी माणसाने पीडीएफ वाचक निवडताना पहिली कसोटी हीच लावावी. आपल्या रोजच्या वापरातली चार-पाच पीडीएफ घ्या: एक शासननिर्णय, एक मासिक, एक जुनं स्कॅन केलेलं पुस्तक. प्रत्येकात जोडाक्षराचा एक शब्द शोधा, एक परिच्छेद कॉपी करून बघा. एकाच फाइलमधून एक सॉफ्टवेअर बरा मजकूर देतं आणि दुसरं विस्कटलेला, असंही होतं. मूळ फाइलच बिघडलेली असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, पण निदान दोष कुठे आहे हे तरी आपल्याला कळतं. निव्वळ स्कॅन असेल तर ओसीआर लागतं. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, आणि त्याच्याच आधाराने चालणारं 'ओसीआरमायपीडीएफ' स्कॅनच्या चित्रामागे न दिसणारा, शोधता येणारा मजकूर घालून देतं. मुद्रितशोधन करावंच लागतं, त्याला पर्याय नाही.

स्कॅनबद्दल एक सावधगिरी. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनिंग यंत्रं फाइल लहान करण्याच्या नादात आकडे बदलत होती. 'साधारण सारखे दिसणारे आकार एकच समजा', असा त्या दाबण्याच्या पद्धतीचा हिशेब. एका इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ झाली. अक्षर पुसट नव्हतं, स्वच्छ होतं. स्वच्छ आणि चूक! पुसट आकडा आपल्याला सावध करतो, स्वच्छ चुकीचा आकडा सावध करत नाही. फाइल लहान करून देणारी जी सोय असते, ती वापरताना हे लक्षात ठेवा.

आता वाचकांची थोडक्यात समीक्षा करू. विंडोजवर 'सुमात्रा पीडीएफ' आहे. मुक्त, हलकं, जुन्या संगणकावरही झटकन उघडणारं. ते वाचायला देतं आणि फारसं काही करू पाहत नाही. हा त्याचा गुण आहे. केडीईचं 'ऑक्युलर' लिनक्सवर आणि विंडोजवरही चालतं. टिपणं काढणं, अधोरेखन, डिजिटल स्वाक्षरी तपासणं हे सगळं ते करतं. अभ्यासकाला आम्ही हे सुचवू. फायरफॉक्स आणि क्रोम हे ब्राउझर पीडीएफ स्वतःच दाखवतात. एखादं पत्रक वाचायला ते पुरेसे आहेत, दस्तऐवजाचा खरेपणा तपासायला पुरेसे नाहीत. अडोबीचं फुकट रीडर सर्वांत परिपूर्ण आहे यात वाद नाही. गुंतागुंतीचे सरकारी फॉर्म कित्येकदा त्यातच नीट भरता येतात. पण ते वाचायला बसवलं की विकत घेण्याच्या सोयी सतत समोर येत राहतात. पुस्तक वाचताना दुकानदाराने खांद्यावरून डोकावत राहावं, तसं.

वाचन झालं, आता संपादन. इथे आमचा आक्षेप अधिक गंभीर आहे.

पीडीएफ ही बदलण्यासाठी केलेलीच नव्हती. ती बदलू नये म्हणूनच केली होती. त्यामुळे 'पीडीएफ एडिटर' हा शब्दच थोडा फसवा आहे. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडून बघा. ओळ न् ओळ सुटी चौकट होऊन समोर येते, कारण फाइलमध्ये परिच्छेद नव्हताच. देवनागरी असेल तर जोडाक्षरंही निखळतात. यात लिब्रेऑफिसचा दोष थोडा आहे, आपल्या अपेक्षेचा जास्त. म्हणून सल्ला असा: मजकूर बदलायचा असेल तर मूळ फाइलकडे जा. आणि तुम्ही स्वतः पीडीएफ बनवणार असाल, तर लिब्रेऑफिसमध्ये 'हायब्रिड पीडीएफ' अशी सोय आहे. त्यात संपादन करता येणारी मूळ प्रत पीडीएफच्या पोटातच राहते. दहा वर्षांनी नवी आवृत्ती काढताना कुणीतरी तुमचे आभार मानेल.

पण खरा धोका 'खोडणे' या क्रियेत आहे. एडिटरमध्ये काळी चौकट काढली, खालचं नाव दिसेनासं झालं. आपण समजतो, नाव गेलं. प्रत्यक्षात आपण चित्रावर आणखी एक चित्र ठेवलं. खालचा मजकूर जिथल्या तिथे आहे, कॉपी केला की बाहेर येतो. हे काल्पनिक नाही. २००५ साली बगदादमध्ये अमेरिकी सैनिकांच्या गोळीबारात इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी मारले गेले. त्यावरचा अमेरिकी लष्कराचा अहवाल काळ्या पट्ट्या मारून प्रसिद्ध झाला आणि पट्ट्यांखालचा मजकूर लोकांनी सहज कॉपी करून वाचला. २०१९ च्या जानेवारीत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात दाखल केलेल्या कागदात तोच प्रकार. २०२१ साली युरोपीय आयोगाने अ‍ॅस्ट्राझेनेकाशी झालेला लसीचा करार काही भाग झाकून जाहीर केला, तर झाकलेला काही मजकूर फाइलच्या बुकमार्कमध्ये दिसत होता. सोळा वर्षांत लष्कर, वकील, आयोग, सगळ्यांची तीच गत. मग प्रत्येक वेळी माणसांचाच दोष कसा म्हणायचा? सॉफ्टवेअरने त्यांना एक काळा चौकोन दाखवला आणि 'हे फक्त वर ठेवलंय' असं सांगितलं नाही. आमच्या निकषाप्रमाणे हे सॉफ्टवेअरचं अपयश आहे.

दुसरी बाब त्याहून सूक्ष्म आहे. पीडीएफमध्ये बदल साठवताना अनेकदा जुनं पुसलं जात नाही, नवा बदल फाइलच्या शेवटी जोडला जातो. जुनी अवस्था जाणकाराला परत काढता येते. वहीतलं पान फाडण्याऐवजी त्यावर नवं पान चिकटवण्यासारखं आहे हे. म्हणून मजकूर खरोखर काढायचा असेल तर त्यासाठीचीच सोय वापरा. अक्रोबॅटच्या विकतच्या आवृत्तीत ती आहे. फुकट हवी असेल तर लिब्रेऑफिसच्या ६.३ आवृत्तीपासून ती आहे: ती पानाचं सपाट चित्र करून देते, खाली मजकूर उरतच नाही. काम झाल्यावर फाइल दुसऱ्याच वाचकात उघडून खोडलेला शब्द शोधून बघा. सापडला नाही तरच पाठवा.

आता स्वाक्षरी. न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वसनीय माणसाचं सांगणं. डिजिटल स्वाक्षरी हे शब्दप्रमाणाचं आधुनिक रूप आहे. 'हा कागद मी दिला आणि त्यानंतर तो बदललेला नाही', असं कुणीतरी सांगतं. मग सांगणारा विश्वसनीय आहे हे कोणी ठरवायचं?

ई-आधार उतरवून अक्रोबॅट रीडरमध्ये उघडलं की पुष्कळांना पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. मग झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात जायचं, तिथला मुलगा चार वेळा क्लिक करतो, हिरवी खूण येते, छापून मिळते. त्या चार क्लिकमध्ये काय झालं? प्रमाणपत्र कुणी दिलं हे वाचून 'मी यावर विश्वास ठेवतो' असं त्या संगणकाला सांगायचं असतं. प्राधिकरणाच्या सूचनांमध्येही प्रमाणपत्राची साखळी आधी बघायला सांगितलं आहे. वाचायची पायरी दुकानात गाळली जाते, विश्वासाची तेवढी उरते. हिरवी खूण हा त्या एका संगणकाने त्या घटकेला दिलेला निवाडा असतो. तो कागदावर छापला की त्या खुणेचं नुसतं चित्र उरतं. छापील हिरवी खूण मागणाऱ्या आणि ती पाहून समाधान मानणाऱ्या टेबलाला शब्दप्रमाण आणि शब्दाचं चित्र यातला फरक कळलेला नाही, एवढंच आम्ही म्हणू.

आणि निवाडा देणारं सॉफ्टवेअरही तपासावं लागतं. बोखुम येथील रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली स्वाक्षरी तपासणारी २२ डेस्कटॉप सॉफ्टवेअर घेतली. २१ सॉफ्टवेअर फसली: मजकूर बदलला तरी स्वाक्षरी वैध दाखवत होती. नंतर दुरुस्त्या झाल्या. म्हणूनच जुनी, कुठून तरी आणलेली, अद्ययावत न होणारी प्रत वापरू नका. पायरेटेड एडिटरबद्दल आम्ही नीतीचं प्रवचन देत नाही. पण ज्याची दुरुस्ती येणारच नाही अशा साक्षीदाराला साक्षीला का बोलावता?

एक गमतीदार गोष्टही सांगतो. काही पीडीएफवर 'कॉपी करू नये', 'छापू नये' असे निर्बंध असतात. फाइल तर उघडते, वाचता येते. मग अडवतं कोण? सॉफ्टवेअर अडवतं, तेही स्वखुशीने. ऑक्युलरमध्ये तर 'निर्बंध पाळावेत' असा पर्यायच आहे, टिकमार्क काढला की निर्बंध संपला. म्हणजे ते कुलूप नाही, ती विनंती आहे. आपला कागद अशा विनंतीने सुरक्षित झाला असं समजणारे संपादक आणि प्रकाशक पुष्कळ आहेत. उघडण्यासाठीच पासवर्ड असेल तर गोष्ट वेगळी. पण तिथेही ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. तुम्हाला ओळखणाऱ्या माणसापासून तो काही राखत नाही.

शेवटचा मुद्दा फुकटच्या संकेतस्थळांचा. 'पीडीएफ जोडा', 'पीडीएफ लहान करा'. फाइल चढवायची, काम होतं, पैसे लागत नाहीत. पण तुमचं खरेदीखत, वैद्यकीय अहवाल, पॅन कार्ड दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन आलं. काही सेवा ठरावीक वेळाने फाइल पुसतो असं सांगतात, पुसतही असतील. पण तपासायला आपल्याकडे साधन नाही. हे काम घरच्या घरी होतं. 'पीडीएफसॅम'ची मूळ आवृत्ती पानं जोडते-तोडते, 'क्यूपीडीएफ' तेच आज्ञावलीने करतं, मॅकवर 'प्रिव्ह्यू' आधीपासून असतंच. सगळी फुकट, सगळी आपल्याच संगणकावर चालणारी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हाला गंभीर वाटतो. "निवृत्त माणसाला वेळ आहे. ज्याला दुपारी तीनपर्यंत फॉर्म भरायचाय त्याने हे सगळं कधी तपासायचं?" बरोबर आहे. बहुतेकांकडे संगणकच नसतो, असतो तो फोन. त्यांनी दर वेळी तपासावं असं आम्ही म्हणतच नाही. तपासण्याची जबाबदारी मुळात कागद देणाऱ्यावर आहे. कार्यालयाने, विद्यापीठाने, प्रकाशकाने पीडीएफ देताना शोधता येणारा युनिकोड मजकूर द्यावा, अंध वाचकाला वाचता येईल अशी रचना द्यावी, स्वाक्षरीची पडताळणी स्वतः यंत्रावर करावी आणि हिरव्या खुणेचा कागद मागणं थांबवावं. आपण तेवढं मागावं. मागायचं तर काय मागायचं हे कळायला हवं, म्हणून हा खटाटोप.

ज्यांच्याकडे निवडण्याची मोकळीक आहे त्यांना एवढंच सुचवतो: वाचण्याचं सॉफ्टवेअर वेगळं ठेवा, बदलण्याचं वेगळं. वाचकाने फाइलला हात लावू नये. संपादकाने काय केलं ते दुसऱ्या वाचकाकडून तपासून घ्यावं. लेखक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी माणसं असावीत, हा छापखान्यातला जुना शहाणपणा इथेही तितकाच लागू आहे.

कागदाच्या काळात मजकूर खोडला की खोडल्याची खूण राहायची, सही खोटी असली की शाई सांगायची. त्या खुणा वाचायला आपण पिढ्यान् पिढ्या शिकलो. नव्या कागदाच्या खुणा वेगळ्या आहेत, त्याही शिकता येतात. आज घरी गेल्यावर एखाद्या पीडीएफमध्ये 'निर्णय' हा शब्द तेवढा शोधून बघा.

 आता प्रश्न विचारा.